सात विरुद्ध दोन: टॉम ब्रॅडी आणि पेटन मॅनिंग

पुण्याच्या एका वाचकांचा मुलगा बॉस्टनला शिकायला आहे आणि त्याचा खोलीतला सोबती इंडियानाचा. अमेरिकन फुटबॉलमधला थोर क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी की पेटन मॅनिंग, यावरून दोघांची रोज जुंपते म्हणे. वडिलांचा प्रश्न सरळ आहे: एकाकडे सात विजेतेपदं, दुसऱ्याकडे दोन, मग वाद उरतोच कुठे? जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की या दोघांना समजून घ्यायला एकच सामना बघायचा, तर तो कोणता.

ओहायोत शाळेच्या संघांमधल्या क्वार्टरबॅकना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुलांना दाखवायचं म्हणून या दोघांचे खेळ मी थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा बघत आलोय. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. कारकीर्द ब्रॅडीचीच मोठी. पण तिचा मोठेपणा त्या सात अंगठ्यांवरून सिद्ध करायला गेलात तर इंडियानाचा तो मुलगा तुम्हाला गप्प करेल, आणि त्याचं बरोबरच असेल. ब्रॅडी मोठा का, हे दुसऱ्या वाटेने जाऊन बघावं लागतं. त्या वाटेवर मॅनिंगचं एक असं कर्तृत्वही दिसतं, जे ब्रॅडीला कधी साधलं नाही.

ज्यांनी हा खेळ फारसा बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. चेंडू फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पुढे घुसायचं, हे त्याने सुमारे तीन सेकंदांत ठरवायचं असतं, नाहीतर समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवा करतात. क्रिकेटच्या भाषेत, दर चेंडूआधी क्षेत्ररचना वाचून संघाला नवी सूचना देणारा कर्णधार आणि तोच चेंडू खेळणारा फलंदाज, हे दोन्ही एकच माणूस. त्याने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ते इंटरसेप्शन, आपल्या माणसाने शेवटच्या पट्ट्यात झेलला तर टचडाउन. नियमित मोसमानंतर बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, आणि तिचा शेवट सुपर बोलमध्ये. जिंकणाऱ्या संघाला मिळते ती अंगठी.

दोघांची सुरुवात सगळ्यांना तोंडपाठ असते म्हणून लवकर उरकतो. मॅनिंग न्यू ऑर्लिन्सचा, वडील आर्ची मॅनिंग तिथल्याच सेंट्स संघाचे क्वार्टरबॅक. 1998च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू संघांनी क्रमाक्रमाने निवडण्याच्या फेऱ्यांमध्ये, इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याला सगळ्यांत पहिला उचलला. ब्रॅडी कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचा. 2000 साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला घेतला तो सहाव्या फेरीत, 199व्या क्रमांकावर. तोवर सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढच्या मोसमात सप्टेंबर 2001 मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला आणि ब्रॅडीला संधी मिळाली. पहिल्या फळीत उतरून खेळलेला त्याचा पहिलाच सामना होता कोल्ट्सविरुद्ध, म्हणजे मॅनिंगविरुद्ध. पेट्रियट्स 44–13 जिंकले. ब्रॅडीचे पास झाले अवघे 168 यार्डांचे, टचडाउन एकही नाही. मॅनिंगचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. पुढची पंधरा वर्षं या दोघांची तुलना ज्या गोंधळात अडकली तो गोंधळ त्या दुपारीच दिसतो: जिंकला संघ आणि नाव लागलं क्वार्टरबॅकचं.

आता मॅनिंगचं काम जवळून बघू. कोल्ट्सचं आक्रमण कागदावर फार साधं होतं. झेलणाऱ्यांपैकी मार्विन हॅरिसन उजवीकडे, रेजी वेन डावीकडे, डॅलस क्लार्क आत, मागे एक धावपटू. आठवड्यामागून आठवडे जवळपास हीच मांडणी. ठराविक चालीही कमीच. त्यांची एक चाल आम्ही शाळेतही शिकवतो, तिला लेव्हल्स म्हणतात. एक जण पाचेक यार्ड पुढे जाऊन आत वळतो, दुसरा त्याच बाजूने दहा-बारा यार्डांवर जाऊन आत वळतो. मधला बचावपटू खालच्याला धरायला पुढे आला तर वरचा मोकळा, मागे राहिला तर खालचा मोकळा. समोरच्यांना ही चाल पाठ होती. तरीही ती चालायची, कारण ती कधी लावायची हे मॅनिंग चेंडू हलण्याआधी ठरवत असे.

त्याचे प्रशिक्षक टॉम मूर त्याला एकच चाल न देता दोन-तीन पर्याय देत. इतर संघ घोळक्यात उभे राहून चाल ठरवत तेव्हा मॅनिंग आपल्या लोकांना थेट रेषेवर, म्हणजे चाल सुरू होते तिथे, उभं करायचा. मग बोटं दाखवत, ओरडत, मागे-पुढे चालत तो समोरच्या बचावाची रचना उघडी पाडायचा. कोण घुसणार, कोण मागे राहणार, कोण नुसता घुसण्याचं सोंग करतोय. घड्याळ शेवटच्या सेकंदांवर आलं की चाल बदलायची आणि चेंडू घ्यायचा. डेन्व्हरला गेल्यावर त्याची 'ओमाहा' ही आरोळी टीव्हीवर घरोघरी पोचली, पण तिच्यामागचं काम इंडियानापोलिसमध्येच पक्कं झालं होतं. आज शाळेतला पंधरा वर्षांचा मुलगासुद्धा रेषेवर उभा राहून चाल बदलतो. ती अपेक्षा मॅनिंगच्या आधीही काही थोड्या क्वार्टरबॅककडून होती; तो रोजचा शिरस्ता झाला तो मॅनिंगमुळे. माझ्या मते ब्रॅडीने खेळाच्या घडणीवर एवढी छाप सोडलेली नाही.

आकड्यांतही हे दिसतं. पहिल्या मोसमात त्याचे 28 इंटरसेप्शन, संघ 3–13, म्हणजे तीन विजय आणि तेरा पराभव. दुसऱ्याच वर्षी 13–3. 2004 मध्ये 49 टचडाउन पास, डॅन मरीनोचा वीस वर्षं टिकलेला विक्रम मोडला. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून एमव्हीपीचा मान त्याने पाच वेळा मिळवला: 2003 साली स्टीव्ह मॅकनेअरसोबत वाटून, नंतर 2004, 2008, 2009 आणि 2013. ब्रॅडीला तो तीनदा मिळाला.

यातलं 2013 मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मॅनिंगच्या मानेवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, 2011चा अख्खा मोसम बाहेर बसून गेला. मानेतल्या नसेच्या दुखापतीमुळे उजव्या हातातली ताकद गेली होती, पास फेकणं जवळपास नव्याने शिकावं लागलं. मार्च 2012 मध्ये कोल्ट्सने त्याला सोडलं आणि तो डेन्व्हर ब्रॉन्कोसकडे गेला. त्याचे तिथले पास नीट बघा. चेंडू डळमळत जातो, आधीसारखा सणसणत नाही. आणि त्या हाताने त्याने 2013 मध्ये 55 टचडाउन आणि 5,477 यार्ड केले, एका मोसमातले दोन्ही विक्रम. हात गेल्यावर माणूस हात असतानापेक्षा जास्त करून दाखवतो, तेव्हा त्याचं खरं बळ कुठे होतं हे वेगळं सांगायला नको.

ब्रॅडीचं काम वेगळ्या जातीचं. त्याची स्वतःची अशी एक ठरलेली पद्धत नव्हतीच. 2001 मध्ये तो सावध खेळणारा, बचाव फळीच्या आणि चेंडू खांबांमधून मारून तीन गुण मिळवणाऱ्या किकर ॲडम विनाटिएरीच्या पायाच्या भरवशावर सामना हातात ठेवणारा पोरगा होता. 2007 मध्ये झेलणारा रँडी मॉस आला तेव्हा तोच लांबलांब चेंडू फेकू लागला. 50 टचडाउन, त्यांतले 23 मॉसचे, आणि मॅनिंगचा 49चा विक्रम गेला. मग वेस वेल्कर आणि ज्युलियन एडेलमन यांच्यासोबत आखूड, झटपट पासांचा खेळ. मग रॉब ग्रोन्कोव्स्कीला मधोमध ठेवून उभा केलेला खेळ. मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक दर आठवड्याला प्रतिस्पर्धी बघून संघाचा चेहरा बदलायचा. एका रविवारी पळत जाऊन जिंकायचं, पुढच्या रविवारी पन्नास पास. त्या सगळ्या चेहऱ्यांत एकच माणूस कायम बसत राहिला.

मुलांना मी ब्रॅडीचे पाय दाखवतो. तो पळणारा नव्हेच. ड्राफ्टच्या आधी 40 यार्ड धावायला त्याला 5.28 सेकंद लागले होते, म्हणजे या पातळीवर अगदीच संथ. पण समोरून माणूस अंगावर येत असताना तो अर्धं पाऊल वर सरकतो किंवा टीचभर डावीकडे होतो, आणि नजर मात्र वर, दूरच्या माणसावरच. घाबरलेला क्वार्टरबॅक अंगावर येणाऱ्याकडे बघतो. ब्रॅडीची नजर वीस वर्षांत क्वचितच खाली आली. हे शिकवणं फार कठीण आहे. रेषेवर चाल बदलायला मुलगा दोन मोसमांत शिकतो, पण अर्धं पाऊल सरकून नजर वर ठेवायला कित्येकांना कधीच जमत नाही.

आता अंगठ्या. इथे जरा थांबून बघायला हवं, कारण सगळा वाद इथेच घसरतो.

मॅनिंगची दुसरी अंगठी सुपर बोल 50ची, फेब्रुवारी 2016. तो मोसम त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट होता: 9 टचडाउन, 17 इंटरसेप्शन. नोव्हेंबरात कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने ब्रेट फार्वचा एकूण यार्डांचा विक्रम मोडला आणि त्याच सामन्यात 20 पासांपैकी फक्त 5 पोचवून, चार इंटरसेप्शन देऊन त्याला बाकावर बसावं लागलं. अंतिम सामन्यात त्याचे 141 यार्ड, टचडाउन पास शून्य. सामना जिंकला तो बचावपटू व्हॉन मिलरने आणि डेन्व्हरच्या जबरदस्त बचावाने. उलट 55 टचडाउनच्या मोसमात तो सुपर बोलला पोचला आणि सिअ‍ॅटलकडून 43–8 असा मार खाल्ला. पहिल्याच स्नॅपला, म्हणजे चाल सुरू करताना क्वार्टरबॅककडे मागे दिला जाणारा, चेंडू त्याच्या बाजूने उडून मागे गेला आणि दोन गुण गेले. सर्वोत्तम मोसमात दारुण हार आणि सगळ्यांत वाईट मोसमात विजेतेपद. अंगठी हाच मापदंड असेल तर 2015चा मॅनिंग 2013च्या मॅनिंगपेक्षा श्रेष्ठ ठरतो. हे कुणाला पटेल?

ब्रॅडीलाही हेच लागू पडतं, फक्त त्याच्या बाजूने कुणी ते बोलत नाही. त्याची पहिली तीन विजेतेपदं 2001, 2003 आणि 2004च्या मोसमांची: 20–17, 32–29, 24–21. तिन्ही वेळा फरक तीन गुणांचा. पहिल्या दोन्हींत निर्णायक किक विनाटिएरीची. त्याआधी जानेवारी 2002 मध्ये रेडर्सविरुद्ध बर्फात ब्रॅडीच्या हातून चेंडू सुटला होता. पंचांनी तेव्हाच्या टक नियमाने (फेकायला पुढे नेलेला हात परत जवळ घेताना चेंडू सुटला तरी तो पासच धरायचा) तो अपूर्ण पास ठरवला, नाहीतर ती कहाणी तिथेच संपत होती. मॅनिंगच्या वाट्याला काय आलं? जानेवारी 2006 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरी साधायला 46 यार्डांची किक हवी होती आणि माइक व्हँडरजॅटने ती बाहेर घालवली. जानेवारी 2013 मध्ये डेन्व्हर बाल्टिमोरविरुद्ध पुढे असताना शेवटच्या मिनिटात त्यांच्याच बचावपटूच्या चुकीने 70 यार्डांचा टचडाउन गेला. जादा वेळेत मॅनिंगने इंटरसेप्शनही दिला, तो त्याच्याच खात्यावर. पण सामना तिथवर जायलाच नको होता.

आणखी एक गोष्ट फार लोक लक्षात घेत नाहीत. ब्रॅडीच्या कारकिर्दीचे तीन तुकडे करा. पहिल्यात, सत्ताविसाव्या वर्षापर्यंत, तीन विजेतेपदं. शेवटच्यात, सदतिसाव्या वर्षापासून पुढे, चार. मधली नऊ-दहा वर्षं एकही नाही. पण फेकणारा म्हणून त्याची सगळ्यांत झळाळती वर्षं याच मधल्या तुकड्यात आहेत: 2007चे 50 टचडाउन आणि 16–0 मोसम, 2010 मध्ये 36 टचडाउन, फक्त 4 इंटरसेप्शन आणि इतिहासातला पहिला एकमताने दिलेला एमव्हीपी. या काळात तो दोनदा सुपर बोलला पोचला आणि दोन्ही वेळा न्यूयॉर्क जायंट्सकडून हरला. समोरचा क्वार्टरबॅक होता पेटनचा धाकटा भाऊ, ईलाय मॅनिंग. फेब्रुवारी 2018 मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध ब्रॅडीने 505 यार्ड केले, सुपर बोलमधला विक्रम, आणि पेट्रियट्स 41–33 हरले. पुढच्या वर्षी जिंकले ते 13–3, बचावाच्या जोरावर. म्हणून म्हणतो, अंगठ्या मोजून निकाल लावू नका, अगदी ज्याच्या बाजूने निकाल लागतो त्याच्यासाठीसुद्धा.

इंडियानाचा मुलगा बहुधा पुढचा पत्ता टाकेल तो असा: ब्रॅडी 2008 मध्ये पहिल्याच सामन्यात गुडघा मोडून बाहेर पडला, तरी मॅट कॅसलला घेऊन पेट्रियट्स 11–5 राहिले. मॅनिंग 2011 मध्ये नव्हता तर कोल्ट्स 2–14 झाले. म्हणजे मॅनिंगशिवाय संघ कोसळतो, ब्रॅडीशिवाय चालतो.

हा पत्ता दिसतो तेवढा भारी नाही. पेट्रियट्स 16–0 वरून खाली आले, म्हणजे पाच विजय गेले आणि प्लेऑफही हुकली. कोल्ट्स 10–6 वरून आले, आठ गेले. फरक आहेच. पण कोल्ट्सचा सगळा संघच मॅनिंगभोवती बांधलेला होता. ड्वाइट फ्रीनी आणि रॉबर्ट मॅथिस यांच्यासारखे चपळ बचावपटू तेव्हा भेदक ठरत, जेव्हा आपला संघ पुढे असे आणि समोरच्याला पास फेकणं भाग पडे. मॅनिंग गेला तशी आघाडी गेली, आणि आघाडीसाठी बांधलेला बचाव निरुपयोगी झाला. एका माणसावर एवढा भार टाकणं हा त्या माणसाचा गौरव आहे, आणि संघ उभारणाऱ्यांची चूकही. बर्फातल्या जानेवारीत ती चूक कोल्ट्सला फार महाग पडली.

समोरासमोरचा हिशेबही असाच बघायला हवा. दोघं एकमेकांविरुद्ध 17 वेळा खेळले, ब्रॅडी 11 जिंकला, मॅनिंग 6. पण त्यातल्या प्लेऑफच्या पाच सामन्यांत मॅनिंग 3–2 पुढे आहे. दोन्ही बाजूंचे चाहते आपल्याला सोयीचा आकडा घेऊन भांडतात. मला यात सांगण्यासारखं हे वाटतं की पाचही सामने यजमान संघ जिंकला. जानेवारी 2004 आणि 2005 फॉक्सबरोला, पेट्रियट्सच्या घरी: पहिल्यात मॅनिंगचे चार इंटरसेप्शन, त्यांतले तीन टाय लॉचे, दुसऱ्यात 49 टचडाउनच्या मोसमानंतर कोल्ट्सचे सगळे मिळून तीन गुण, कारण पेट्रियट्सने कोरी डिलनला पळवत साठातली सुमारे 38 मिनिटं चेंडू आपल्याकडेच ठेवला. जानेवारी 2007 इंडियानापोलिसच्या छताखाली कोल्ट्स. जानेवारी 2014 आणि 2016 डेन्व्हरला ब्रॉन्कोस. शेवटच्या वेळी दोन्ही संघांचा मोसम 12–4 होता. सामना डेन्व्हरच्या घरच्या मैदानावर होण्यात नोव्हेंबरातल्या त्यांच्या विजयाचा वाटा होता, आणि त्या सामन्यात मॅनिंग खेळलाच नव्हता, ब्रॉक ऑस्वाइलर खेळला. प्लेऑफच्या या सामन्यात ब्रॅडीने शेवटच्या मिनिटात टचडाउन करूनही त्यानंतरचा, बरोबरी साधू शकणारा जादा दोन गुणांचा प्रयत्न फसला आणि 20–18 हार झाली. यातून कोण श्रेष्ठ हे काढायचं म्हणजे ओढूनताणून काढावं लागतं.

जानेवारी 2004च्या सामन्याची एक वेगळी आठवण ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी पेट्रियट्सच्या बचावपटूंनी कोल्ट्सच्या झेलणाऱ्यांना वाटेतच धक्काबुक्की करून अडवलं. पुढच्या मोसमात लीगने पाच यार्डांपलीकडे धरपकड करायला मनाई करणारा जुनाच नियम कडक लावायला सुरुवात केली, आणि देशभर पासांचा खेळ वाढला. म्हणजे एका पराभवाने पुढच्या सगळ्या क्वार्टरबॅकचे आकडे फुगले. त्यात ब्रॅडीचेही आले. पंचेचाळीसाव्या वर्षापर्यंत त्याने जमवलेले 649 टचडाउन आणि 89,214 यार्ड हे 1990च्या दशकातल्या कुणाशी ताडून बघताना हे विसरू नये. मॅनिंगचे 539 आणि 71,940 आहेत, पण तो ब्रॅडीपेक्षा 69 सामने कमी खेळला. सरासरीत दोघं जवळजवळ शेजारी बसतात.

मग ब्रॅडी मोठा कशाने? माझं उत्तर प्लेऑफच्या एका आकड्यात आहे. दोघंही प्लेऑफमध्ये बरोबर 13 सामने हरले. मॅनिंग 14–13, ब्रॅडी 35–13. हरण्याची संधी दोघांना सारखीच मिळाली, पण ब्रॅडीने त्या तेरा पराभवांच्या मधे एकवीस विजय जास्त भरले. मॅनिंग नऊ वेळा प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. किकरची चूक, बचावपटूची चूक, बर्फ, नशीब हे सगळं धरलं तरी नऊ वेळा म्हणजे जास्तच. चेंडू हलण्याआधीच उत्तर शोधून ठेवणाऱ्या खेळात एक दोष असतो. समोरच्याने दोन आठवडे बसून चुकीचा प्रश्न दाखवायचा ठरवला, तर ते उत्तर फसतं. बेलिचिकने नेमकं तेच केलं. स्नॅप होईपर्यंत एक रचना, झाल्यावर दुसरी. तेव्हा उपयोगी पडतात पाय आणि नजर, आणि तिथे ब्रॅडी सरस.

दुसरं कारण काळाचं. बेलिचिकशिवाय ब्रॅडी काय करेल, हा वीस वर्षांचा प्रश्न त्याने 2020 मध्ये टॅम्पा बेला जाऊन निकालात काढला. नवा संघ, नवी भाषा, महामारीमुळे सराव सामने रद्द, आणि वय 43. फेब्रुवारी 2021 मध्ये कॅन्सस सिटीला 31–9 हरवून सातवी अंगठी. त्या अंगठीतही बचावाचा मोठा वाटा होता, हे मी नाकारत नाही. पण 2021 मध्ये, 44व्या वर्षी, त्याने 5,316 यार्ड आणि 43 टचडाउन केले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. त्या वयात क्वार्टरबॅक एकतर निवृत्त असतात किंवा 2015च्या मॅनिंगसारखे झालेले असतात. नियमांनी त्याला मदत केली. त्याच्याच 2008च्या दुखापतीनंतर क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेण्याला बंधन आलं. पण ते नियम सगळ्यांना होते, आणि 44व्या वर्षी तिथे तो एकटाच होता. माझ्या लेखी ब्रॅडीचा सगळ्यांत मोठा पराक्रम हा. अटलांटाविरुद्ध 28–3 मागे असताना जादा वेळेत 34–28 जिंकलेला तो प्रसिद्ध सामनासुद्धा त्यानंतर.

या टॅम्पातला योगायोग मला फार आवडतो. तिथले मुख्य प्रशिक्षक ब्रूस एरियन्स हे मॅनिंगचे कोल्ट्समधले पहिले क्वार्टरबॅक प्रशिक्षक. आणि सल्लागार म्हणून तिथे बसले होते टॉम मूर, मॅनिंगला रेषेवर मोकळीक देणारे तेच. ब्रॅडीची शेवटची अंगठी ज्या आक्रमणातून आली त्याची मुळं अशी इंडियानापोलिसपर्यंत पोचतात.

पेट्रियट्सने फुगवटा कमी केलेले चेंडू वापरल्याच्या प्रकरणाबद्दल मुलांमध्ये वाद होणारच. लीगने ब्रॅडीला चार सामने बाहेर बसवलं, ते त्याने 2016 मध्ये भोगलं आणि त्याच मोसमात अटलांटाला हरवून विजेतेपद मिळवलं. मला तो प्रकार आवडलेला नाही. 2007 मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचं चित्रण केल्याबद्दल पेट्रियट्सला झालेली शिक्षाही योग्यच होती. पण दोन्हींतून त्याच्या 23 मोसमांचा अर्थ बदलतो असं मला वाटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकच सामना बघायचा तर 21 जानेवारी 2007, इंडियानापोलिस, एएफसी विजेतेपदाचा सामना, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एका गटाचा अंतिम सामना. दोघंही ऐन भरात, आणि ज्या गोष्टी मी वर सांगितल्या त्या सगळ्या त्यात आहेत. सुरुवातीला पेट्रियट्स 21–3 पुढे. त्यातले सात गुण असांटे सॅम्युअलने मॅनिंगचाच पास पकडून नेऊन केलेले. मध्यंतरानंतर मॅनिंग रेषेवर वेळ काढून बचाव वाचायला लागतो तो भाग मुलाला आवर्जून बघायला सांगा. 21–21, मग 28–28, मग 31–31. पेट्रियट्स पुन्हा 34–31 पुढे. सव्वादोन मिनिटं उरलेली, कोल्ट्सला 80 यार्ड जायचंय. ब्रायन फ्लेचरला मधोमध दिलेला 32 यार्डांचा पास थांबवून बघा. त्यानंतर रेजी वेनच्या हातून झेलल्यावर चेंडू उडतो आणि तो हवेतच परत धरतो. एक मिनिट शिल्लक असताना जोसेफ अडाई पळत आत जातो. 38–34.

मग ब्रॅडीकडे एक मिनिट आहे आणि तुम्हाला वाटतं की आता हा करणार. त्याच्याकडे त्या वर्षी धड झेलणारे नव्हते. डिऑन ब्रँचला मोसमाच्या तोंडावर सिअ‍ॅटलला देऊन टाकलं होतं, आणि रेशी कॉल्डवेलने त्या दिवशी मोकळ्यावर असताना पास सोडले होते. तरी ब्रॅडी मैदानाच्या मध्यापलीकडे पोचतो. वीसेक सेकंद उरले असताना तो आत फेकतो आणि मार्लिन जॅक्सन पकडतो. कोल्ट्सच्या किका मारणारा त्या रात्री कोण होता? ॲडम विनाटिएरी, त्याच मोसमात पेट्रियट्स सोडून आलेला. दोन आठवड्यांनी मायामीच्या पावसात शिकागो बेअर्सला 29–17 हरवून मॅनिंगने पहिली अंगठी घेतली. पेट्रियट्सने पुढच्या वर्षी मॉस आणि वेल्कर आणले, आणि 16–0 केलं.

मुलाला हा सामना त्या इंडियानाच्या सोबत्याबरोबर बसून बघायला सांगा. वेळ असेल तर मागोमाग 24 नोव्हेंबर 2013चाही लावा: फॉक्सबरो, कडाक्याची थंडी आणि वारा, मध्यंतराला डेन्व्हर 24–0 पुढे, आणि शेवटी जादा वेळेत पेट्रियट्स 34–31. पहिल्यात ब्रॅडी मोठी आघाडी गमावतो, दुसऱ्यात मॅनिंग. दुसऱ्यात एक जागा चुकवू नका: जादा वेळेची नाणेफेक जिंकूनही बेलिचिक चेंडू मागत नाही. तो वाऱ्याची दिशा मागतो आणि चेंडू मॅनिंगच्या हाती देतो.